एरर उतरवून घेणाऱ्या बाई

बाईंकडे गेलं की बसायची सोय नसे, कारण दुकानात खुर्चीच नव्हती. नागपुरात बर्डीच्या बाजारामागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दोन दुकानांच्या मधोमध, जेमतेम सात फूट रुंदीची जागा. बाहेर पाटी होती, ‘टंकलेखन, प्रबंध, आलेख, बाइंडिंग’. आत प्रिंटर, कागदांची रिमं, खडखडणारा कूलर आणि छातीइतक्या उंच लाकडी काउंटरवर ठेवलेला कॉम्प्युटर. बाई उभ्यानंच टाइप करत. आधी त्यांनी वीस-बावीस वर्षं टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलं होतं, टेबलांच्या रांगांमधून फिरत, हातात पट्टी घेऊन. ते फिरणं त्यांच्या पायांत राहून गेलं होतं. एक ओळ टाइप केली की प्रिंटरपर्यंत जाऊन यायचं, दुसरी झाली की दारापर्यंत. फिरायला जागा नव्हती, ही अडचण आमची. प्रत्येक फेरीला आम्ही गिऱ्हाइकांनी भिंतीला चिकटायचं.

मी स्वतःही काही शांत माणूस नाही. लिफ्ट यायला उशीर झाला तर मी चार मजले चढून जाते आणि वर पोचल्यावर धापा टाकत लिफ्टला शिव्या देते. तेव्हा आम्हा दोघींचं सात फुटांत जमणं अवघडच होतं. तरी दोन वर्षं मी तिथेच जात राहिले, कारण ‘डब्बे’ काढून देणारं माणूस अख्ख्या नागपुरात मला दुसरं माहीत नव्हतं.

डब्बे म्हणजे काय ते सांगते. मी मराठीतून पीएचडी करत होते. आमच्या सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, कुठली तरी कार्यशाळा केली आणि तेव्हापासून त्यांना एक्सेलचे आलेख जुनाट वाटू लागले. आलेख पायथॉनमध्येच हवेत, म्हणजे प्रोग्रॅम लिहून काढलेले. आलेख काढणाऱ्या पायथॉनच्या लायब्ररीला सगळं येतं, फक्त मराठी येत नाही. तुम्ही ‘वय’ लिहा, ‘मजुरी’ लिहा, आलेखाखाली रिकामे चौकोन येतात, ओळीनं मांडलेले. त्यांना गल्लीत डब्बे म्हणत. फॉन्ट बदलला तर डब्बे जातात, पण वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसतात. त्यातून सुटलो आणि फाइल सेव्ह करायला गेलो, तर स्क्रीनभर लाल ओळी येतात. समाजशास्त्र, गृहअर्थशास्त्र, मराठी, सगळ्या विभागांतली पोरं-पोरी रडकुंडीला येऊन शेवटी बाईंच्या दारात उभी राहत. “बाई, डब्बे आले.”

बाई स्क्रीनकडे बघतसुद्धा नसत. रद्दीतला पाठकोरा कागद पुढे सरकवत आणि पेन देत.

“उतरव.”

“काय उतरवू?”

“एरर. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत. हातानं.”

हा त्यांचा नियम. एरर कितीही लांब असो, आधी हातानं लिहून काढायचा, मगच बाई बोलणार. मी पहिल्यांदा लिहून काढला तो तीस-पस्तीस ओळींचा होता. लिहिताना मी इतकी चिडले होते की पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. फोटो काढला असता, छापून घेतला असता, इथे कॉम्प्युटर आहे ना समोर! मी हे बोलूनही दाखवलं.

“फोटो काढला का तुमचं काम झालं,” बाई प्रिंटरकडे जाता जाता म्हणाल्या. “तुम्ही पोट्टे लाल रंग पाहूनच पळता. तो बिचारा सांगून राहिला, कोन्या ओळीवर दुखते, काहून दुखते. कोनी आयकतच नाही त्याचं.”

आणि गंमत म्हणजे शेवटच्या ओळीपर्यंत हात पोचेस्तोवर निम्म्या जणांना आपली चूक कळलेली असे. ते कागद तसाच टाकून निघून जात. बाई त्यांच्याकडून काही घेत नसत. तो कागद मात्र उचलून ठेवत. अशा कागदांचा एक गठ्ठा होता, सुतळीनं बांधलेला, आणि प्रत्येकाच्या खाली बाईंच्या अक्षरात उपाय. इंग्रजी त्यांचं बेताचंच, शब्दकोश घेऊन एकेक ओळ लावलेली. पायथॉन त्या अशाच शिकल्या, चुकांकडून.

नवा फॉन्ट आला की त्याची परीक्षा व्हायची. ‘वऱ्हाडी तऱ्हा’ एवढे दोनच शब्द टाइप करायचे आणि छापायचे, कारण त्यातला ऱ्ह भल्याभल्या फॉन्टांना जमत नसे. नीट आले तर फॉन्ट पास. नाही आले तर बाई त्या फॉन्टला “चाल, नीघ” असं तोंडानं म्हणत आणि खरोखर डिलीट करत. एकदा माझ्या सरांचा लाडका फॉन्ट असा गेला. मी सरांना सांगितलं नाही.

त्यांची जी गोष्ट मी अजून लोकांना रंगवून सांगते ती निराळी आहे. माझ्या मुलाखतींची पहिली काही पानं कोणीतरी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करून दिली होती. ती फाइल पायथॉननं उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि खुणा, अर्थ शून्य. मी हताश होऊन एक ओळ वाचून दाखवली, “चौकोनी कंस, दोनदा के, एस, डी, वाय, के.”

बाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी हवेतच बोटं हलवली. जुन्या मशीनच्या कळा त्या बोटांना पाठ होत्या, कुठली इंग्रजी कळ दाबली की कुठलं मराठी अक्षर उठतं ते.

“खोकला,” त्या म्हणाल्या. “पुढे वाच.”

मी वाचत गेले आणि त्या पाठमोऱ्या उभ्या राहून, बोटं हलवत, मला माझ्याच मुलाखती मराठीत सांगत गेल्या. डोळे झोंबणे. अंगावर पुरळ. ठसका. भूक न लागणे. ज्या मजकुराला मशीननं कचरा ठरवलं होतं तो या बाईंना सरळ ऐकू येत होता.

मुलाखती कळमन्याच्या मिरची बाजारातल्या होत्या. मिरचीच्या हंगामात तिथे बायका ढिगाशी बसून दिवसभर मिरच्यांचे देठ खुडतात. त्यांना काय काय त्रास होतो, हा माझा विषय. एकूण तेरा तक्रारी निघाल्या. बारा तक्रारी कुठल्याही डॉक्टरच्या पुस्तकात सापडतील. तेरावी एका मावशीनं पहिल्यांदा सांगितली. साधारण चाळिशीची, तोंडाला ओढणी बांधलेली, बोलताना हात थांबत नव्हते.

“लेकराले हात लावता येत नाही,” ती म्हणाली.

मला कळलं नाही. ती म्हणाली, हाताला इतकी आग असते की घरी गेल्यावर तान्ह्याला घेतलं तर ते किंचाळतं. धुऊन जात नाही, तेल लावून जात नाही. लेकरू रडत असतं आणि आपण हात मागे धरून बघत बसायचं. मग मी बाकीच्या बायकांना विचारत गेले आणि एकेक करून जवळजवळ सगळ्या हेच म्हणाल्या. ते कोणी आपणहून सांगत नव्हतं, कारण त्याला दुखणं म्हणायची रीत नव्हती. आलेखात तेराव्या तक्रारीचा खांब सगळ्यांत उंच झाला. खाली मी मावशीचे शब्द जसेच्या तसे ठेवले.

निघताना मावशी म्हणाली होती, “बाकी राहिलं तरी चालन वं पोरी, पन हे लिहजो.” मी लिहीन म्हटलं. शब्द दिला.

बाईंचा दुसरा नियम असा, की जो उपाय एररला गप्प करतो तो घ्यायचा नाही. इंटरनेटवर असे उपाय चिक्कार सापडतात. सेव्ह करण्याच्या ओळीत एकच शब्द घातला की मशीन न झेपणारी अक्षरं गुपचूप गाळून टाकतं, फाइल सेव्ह होते, लाल ओळी बंद. मी एकदा हा उपाय सुचवला तेव्हा बाई माझ्यावर अक्षरशः खेकसल्या. “बोंबलनारा एरर देवमानूस असते. चूप बसनाऱ्याचा भरवसा नाही. माह्या दुकानात चालनार नाही.” मला तो हेकटपणा वाटला आणि मी घरी जाऊन आईसमोर त्यांची नक्कल केली.

कारण नंतर कळलं, त्यांनीच सांगितलं, तेही फेऱ्या मारता मारता. इन्स्टिट्यूटच्याही आधी त्या एका कार्यालयात हंगामी टंकलेखक होत्या. कॉम्प्युटर नुकते आले होते. रोजंदारीवरच्या लोकांना कायम करायची यादी त्यांनी टाइप केली. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर नेताना त्यातलं एक नाव नीट उतरलं नाही, ती ओळ कोरी छापली गेली. कोणीतरी कोरी ओळ काढून टाकली, क्रमांक नीट लावले, साहेबांची सही झाली. ते नाव कार्यालयातल्याच एका शिपायाचं होतं.

“मंग?” मी विचारलं.

“मंग काय. तो काही बोलला नाही मले. त्याले वाटलं साहेबानंच काटलं. रोज चहा आनून देत होता, तसाच देत राहिला. माह्याच्यानं तो चहा पिववेना. सोडून देली नोकरी.”

त्यांनी त्याला सांगितलं का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आता तो शुक्रवार. माझ्या नोंदणीची मुदत संपत होती, वाढवून घेतलेलीसुद्धा. संध्याकाळी पाचपर्यंत प्रबंध विद्यापीठात पोचला नाही तर सहा वर्षं पाण्यात. बाकी सगळं छापून तयार होतं, बाइंडर गल्लीच्या तोंडाशी वाट बघत होता, फक्त या एका आलेखाचं पान राहिलं होतं. सकाळी अकराला मी बाईंच्या दुकानात उभी. मे महिना, कूलर गरम हवा फेकत होता. स्क्रीनवर तेरा खांब आणि खाली तेरा मराठी नावं झकास दिसत होती. सेव्ह करायला गेलं की लाल ओळी. मशीनचं म्हणणं एवढंच, की ही अक्षरं माझ्या जुन्या अक्षरतक्त्यात नाहीत, मला लिहिता येत नाहीत.

“उतरव,” बाई म्हणाल्या.

“बाई, आज नाही. हात जोडते.”

“उतरव म्हटलं ना.”

उतरवला. दातओठ खात उतरवला. साडेबारा वाजले. बाई एकेक ओळ तपासत होत्या, प्रत्येक ओळीनंतर दारापर्यंत जाऊन येत होत्या, आणि मी त्यांच्या मागे मागे जात होते, जणू मी ढकलल्यानं त्या लवकर पोचणार होत्या. दीड वाजला. दोन वाजले. मी तो गप्प करणारा शब्द सुचवला. त्यांनी मान हलवून नकार दिला आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. अडीचला त्या म्हणाल्या, “भेटलं. फाइल उघडून राहिलं तेच जुन्या तक्त्यानं. अक्षरं अक्षरंच ठेवू, नवा तक्ता देऊ, ब्राउझरमधून छापू. अर्धा तास दे.”

आणि लाइन गेली. कूलर थांबला, यूपीएस किंचाळायला लागला आणि पाच मिनिटांत तोही बंद पडला.

“येईन आता लाइन,” बाई म्हणाल्या. “थांब जरा.”

मी थांबले नाही. पेन ड्राइव्ह उपटून घेतला. त्यांना काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण “तुमच्या हट्टापायी माझं आयुष्य नासलं” हे वाक्य आठवतं. बाई पाठकोरा कागद हातात धरून उभ्या होत्या.

दोन गल्ल्या पलीकडे इन्व्हर्टर असलेलं दुकान होतं. तिथल्या माणसानं स्क्रीन बघितली आणि म्हणाला, “म्याडम, इंग्लिशमधी टाकून देऊ का? झटक्यात होते.” आम्ही भराभर बारा नावं इंग्रजीत केली. तेराव्यापाशी मी अडले. त्याला इंग्रजी शब्द नव्हता. म्हटलं, हे तसंच राहू द्या. त्यानं सेव्हच्या ओळीत तो एक शब्द घातला. एरर गेला. प्रबंधाच्या पाच प्रतींसाठी पाच पानं छापून आली, गरम गरम.

मला कोणी विचारलं तर मी सांगते की घाईत पान बघायचं राहिलं. ते खोटं आहे. बाइंडरकडून निघून ऑटोत बसल्यावर मी ते पान उघडून बघितलं. बारा खांबांखाली बारा नावं होती आणि सगळ्यांत उंच खांबाखाली काहीच नव्हतं, नुसता पांढरा कागद. साडेचार वाजले होते. ऑटो सिग्नलला उभा होता. मी प्रबंध मिटला आणि ऑटोवाल्याला म्हटलं, “दादा, जरा जोरात.”

डिग्री मिळाली. सरांनी प्रबंध वाचला, दोन बाहेरच्या परीक्षकांनी वाचला, तोंडी परीक्षेला खोलीभर माणसं होती. मी घामाघूम होऊन त्या आलेखाची वाट बघत होते. आलेख पडद्यावर आला तेव्हा एका परीक्षकांनी मान डोलावली आणि म्हणाले, फार स्वच्छ मांडणी आहे. बस. सगळ्यांत उंच खांब कशाचा, हे एकाही माणसानं विचारलं नाही. सुटले म्हणून मला इतका आनंद झाला की बाहेर येऊन मी पेढे वाटले. त्या आनंदाची मला आज लाज वाटते.

नोकरीही लागली. दोन वर्षं मी बाईंच्या गल्लीत पाय ठेवला नाही. बर्डीवर खरेदीला गेले तरी पलीकडून वळसा घालून जायची. मग एक दिवस माझीच एक विद्यार्थिनी डब्बे घेऊन रडत आली आणि दुसरा पत्ता माझ्याकडे नव्हता. मी स्वतः तिला घेऊन गेले. पिशवीत माझा प्रबंध घेतला. माफी मागायची तर रिकाम्या हातानं कसं जायचं?

बाईंनी विद्यार्थिनीला पेन दिलं, “उतरव” म्हणाल्या, आणि प्रबंध उघडला. जुनं काही काढतील म्हणून मी अंग चोरून उभी होते. त्या फेऱ्या मारत पानं उलटत होत्या. प्रिंटरपाशी पोचल्या आणि तिथेच थांबल्या.

“लेकराचं होतं ना हे?”

दोन वर्षांत त्यांच्या हाताखालून किती तरी प्रबंध गेले असतील.

“हो.”

“कोनीच नाही विचारलं?”

“नाही, बाई.”

“तुले दिसलं होतं?”

“हो.”

त्या माझ्यावर खेकसल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, “तू गेली अन् वीस मिन्टात लाइन आली होती.” मग काउंटरपाशी गेल्या आणि मावशीचं वाक्य टाइप केलं. पाच वेळा छापलं, कात्रीनं पाच पट्ट्या कापल्या, खांबाखालच्या जागेच्या बरोबर मापाच्या. “पाच प्रती ना? जा.”

माझी प्रत, सरांची प्रत, विभागाची आणि कार्यालयातली, या चारांवर पट्ट्या चिकटवून झाल्या. सरांनी पट्टी बघून “अरे, हे राहिलं होतं का?” एवढंच विचारलं. पाचवी ग्रंथालयातली. तिथे सांगितलं की मान्य झालेल्या प्रबंधाला हात लावता येणार नाही, अर्ज करा, समितीपुढे जाईल. मी बाईंना येऊन सांगितलं.

“परवानगी मागाले कोनं सांगितलं होतं तुले?” बाई म्हणाल्या आणि डिंकाची बाटली माझ्या हातात दिली.

मी गेले. रजिस्टरमध्ये सही करून माझाच प्रबंध मागितला. त्या पानावर बाकीच्या प्रबंधांसमोर वाचणाऱ्यांच्या बऱ्याच सह्या होत्या, माझ्या प्रबंधासमोर माझ्याआधी एकही नव्हती. वाचनकक्षात कोपऱ्यात बसले, पट्टीला डिंक लावला आणि अंगठ्यानं दाबून धरली. चिकटेपर्यंत उठायचं नव्हतं आणि मला कधी नव्हे ते उठावंसं वाटलंही नाही.

दुसऱ्या दिवशी कळमन्याला गेले. हंगाम होता. मावशी त्याच शेडमध्ये होती, तोंडाला ओढणी, समोर लाल ढीग. तिला मी आठवत होते. मी आलेखाचं पान तिच्यापुढे धरलं आणि सगळ्यांत उंच खांबाखालची ओळ बोटानं दाखवली. दोन वर्षांनी आले, हेही सांगितलं. तिनं हात न लावता, मान वाकडी करून ती ओळ वाचली, हळूहळू, अक्षरं जुळवत.

“मोठ्या मोठ्या लोकायनं वाचलं असन ना वं?”

खोटं बोलायला जीभ वळवळली. पण तिच्यापुढे उभं राहून जमलं नाही.

“नाही मावशी,” मी म्हटलं. “एका बाईंनी वाचलं.”



“एकीनं तं वाचलं,” ती म्हणाली, आणि पुढची मिरची उचलली.